आयर्लंडचा वसंत आणि पबमधले दुपारचे जेवण

वाचकांचे प्रश्न : प्रवास

ईस्टरच्या सुट्टीत आयर्लंडला जाण्याविषयी आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरांतील दर अंदाजे आहेत. आरक्षणापूर्वी ते पुन्हा पडताळून घ्यावेत.

प्रश्न : मी मँचेस्टर येथे एम.एस्सी. करते. ईस्टरच्या सुट्टीत आम्हा तिघी मैत्रिणींना सहा दिवस आयर्लंडला जायचे आहे. समुद्रावरचे कडे आणि हिरवी कुरणे पाहावीत आणि आयरिश पबमधले जेवण चाखावे, एवढीच इच्छा आहे. आयर्लंडपर्यंतचे भाडे सोडून प्रत्येकीजवळ साधारण ५०० युरो आहेत. डब्लिनमध्ये मुक्काम करून रोज एकेक सहल करण्याचा आमचा बेत योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, मँचेस्टर

उत्तर : बेताकडे वळण्यापूर्वी व्हिसाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण ब्रिटनचा व्हिसा हाती असला म्हणजे आयर्लंडमध्ये सहज जाता येते, अशी समजूत ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या बऱ्याच मुलामुलींची असते. आयर्लंड हा स्वतंत्र देश आहे; तो ब्रिटनचा भाग नाही आणि शेंगेन गटातही नाही. दोन्ही देशांची एक संयुक्त व्हिसा योजना भारतीय नागरिकांना लागू आहे. परंतु ती अल्प मुदतीच्या पर्यटन व्हिसासाठी आहे, विद्यार्थी व्हिसासाठी नाही. त्यामुळे आपणा तिघींनाही आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागेल. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाचे शुल्क ६० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयासाठी दोन महिने हाताशी ठेवलेले बरे. २०२७ साली ईस्टरचा रविवार २८ मार्चला येतो, म्हणजे त्या सुट्टीसाठीचा अर्ज नाताळाच्या सुमारासच मार्गी लागला पाहिजे.

आता बेताविषयी. डब्लिनला मुक्काम ठेवण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला जे पाहायचे आहे त्यातले बहुतेक सारे पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि डब्लिन पूर्व किनाऱ्यावर. डब्लिनहून क्लिफ्स ऑफ मोहर पाहायला निघणाऱ्या एका दिवसाच्या सहली पहाटे सुटतात, संध्याकाळी उशिरा परततात आणि त्यातले सहा-सात तास बसच्या खिडकीपाशी जातात; कड्यांवर मिळतो तो जेमतेम दीड-दोन तासांचा वेळ. शिवाय देशात राहण्याचा आणि खाण्याचा खर्च सर्वांत जास्त डब्लिनमध्येच येतो. म्हणजे पैसे अधिक मोजायचे आणि सृष्टिसौंदर्य काचेआडून पाहायचे.

त्याऐवजी पाच रात्रींपैकी दोन गॉलवे येथे, दोन डूलिन या लहानशा गावात आणि परतीच्या आधीची एकच रात्र डब्लिनमध्ये काढावी. डब्लिन विमानतळावरून गॉलवेला थेट बस सुटतात आणि अडीच ते तीन तासांत पोहोचतात; डब्लिन शहरात शिरावेच लागत नाही. विमानाऐवजी समुद्रमार्गाने यायचे असल्यास ब्रिटनमध्ये रेल्वे आणि जहाज यांचे एकत्रित तिकीट मिळते. जहाज वेल्समधील होलीहेड बंदरातून निघून सव्वातीन तासांच्या आसपास डब्लिनला लागते. विमानाचे स्वस्त तिकीट सुट्टीच्या तोंडावर महाग होते आणि सामानाचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा हा पर्याय कामाला येतो.

गॉलवेत पोहोचलेल्या संध्याकाळी सॉल्टहिलच्या किनाऱ्यावरून चालत जावे. मार्चअखेरीस घड्याळे एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा पोहोचूनही दिवस हाती राहतो. किनाऱ्याच्या टोकाला असलेल्या भिंतीला पायाने हलकी लाथ मारून मागे फिरण्याची गावकऱ्यांची जुनी रीत आहे. तिचे कारण विचारले तर प्रत्येक जण निराळे सांगतो.

दुसऱ्या दिवशी कॉनेमारा. लेटरफ्रॅक गावापर्यंत बस जाते आणि तिथेच राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. प्रवेशासाठी तिकीट नाही. उद्यानातील डायमंड हिलची उंची ४४२ मीटर आहे. सह्याद्रीत गड चढण्याची सवय असलेल्याला ही टेकडी अवघड वाटणार नाही, मात्र वाऱ्याचा जोर अजमावूनच वर जावे. माथ्यावरून एका बाजूला अटलांटिकची बेटे आणि दुसऱ्या बाजूला ट्वेल्व बेन्स या डोंगरांची रांग दिसते. त्याच दिवशी इनिश मोर बेटावर जाण्याचा मोह होईल. परंतु बोटीचे भाडे आणि बेटावरची भाड्याची सायकल यांत एका दिवसाच्या जेवणाहून अधिक पैसे जातात. दोन्ही करण्याइतकी रक्कम आपल्याजवळ नाही आणि मी कॉनेमाराच निवडीन.

गॉलवेहून डूलिनला जाणाऱ्या ३५० क्रमांकाच्या बसचा प्रवास ही स्वतःच एक सहल आहे. ती बस बरेन नावाच्या चुनखडीच्या मुलखातून जाते, पुढे क्लिफ्स ऑफ मोहरच्या दारात थांबते आणि एनिसपर्यंत जाते. दिवसभरात तिच्या फेऱ्या थोड्याच असल्याने वेळापत्रक आधी पाहावे. बरेन प्रथमदर्शनी ओसाड, करडा खडक वाटतो. कोकणातल्या कातळसड्यावर पावसाळ्यात जशी रानफुले उगवतात तसाच हा प्रकार, फक्त ऋतू वसंताचा. सपाट खडकाला खोल उभ्या भेगा पडलेल्या असतात आणि ऊब व ओल धरून ठेवणाऱ्या त्या भेगांत नेचे आणि फुलझाडे वाढतात. एरवी उंच थंड पर्वतांवर आढळणाऱ्या वनस्पती आणि भूमध्य समुद्राकडच्या उबदार हवेतल्या वनस्पती इथे शेजारी शेजारी उगवतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना या भूभागाचे अप्रूप आहे ते त्यासाठीच. एप्रिलच्या मध्यापासून स्प्रिंग जेन्शियन फुलते. हे फूल जेमतेम नखाएवढे, पाच पाकळ्यांचे आणि इतके गर्द निळे असते की खडकावर शाईचा थेंब सांडल्याचा भास व्हावा. ते पाहण्यासाठी उभे राहून चालत नाही, गुडघे टेकून वाकावे लागते.

क्लिफ्स ऑफ मोहर हे कडे सुमारे १४ किलोमीटर पसरलेले असून सर्वांत उंच जागी २१४ मीटर आहेत. तिकीट आधी ऑनलाइन घ्यावे. सकाळी लवकरच्या आणि संध्याकाळच्या वेळेचे दर कमी असतात आणि उजेडही त्याच वेळी चांगला असतो. एप्रिलपासून पफिन पक्षी घरटी करण्यासाठी इथल्या कपारींत येतात. डूलिनहून कड्यांच्या कडेने येणाऱ्या पायवाटेचे काही टप्पे सुरक्षेसाठी बंद ठेवले जातात. फलकावर बंद लिहिले असेल तर कितीही जण कुंपण ओलांडून जात असले तरी आपण जाऊ नये. तिथे जीव गेले आहेत.

पबमधल्या जेवणाबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पैसे वाचतील : पबमध्ये दुपारी जेवावे आणि रात्री संगीत ऐकावे. रात्रीचा मुख्य पदार्थ १८ ते २५ युरोंना पडतो, तर दुपारी सूप आणि सँडविच, चाउडर किंवा कार्व्हरी यांत पोट भरते आणि १० ते १८ युरोंत भागते. कार्व्हरी म्हणजे काउंटरवर मांडलेल्या भाजलेल्या मांसाचे काप आपल्यासमोर कापून ताटात वाढतात, सोबत बटाटे दोन-तीन प्रकारचे, गाजर, कोबी आणि वरून ग्रेव्ही. हे ताट एका मुलीला संपत नाही, असे पुष्कळदा होते. ही सोय साधारण १२ ते ३ या वेळेतच असते. बहुतेक पबांची स्वयंपाकघरे रात्री नऊच्या सुमारास बंद होतात आणि लहान गावांत त्याहून लवकर, त्यामुळे दिवसभर भटकून साडेनऊला जेवायला गेल्यास वेफर्सचे पाकीट खाऊन झोपावे लागेल.

किनाऱ्यावर आहात तेव्हा चाउडर अवश्य घ्यावे. दूध आणि साय घातलेले हे माशांचे दाट सूप असते. त्यात धुरी दिलेला हॅडॉक, सामन, शिंपले आणि बटाट्याच्या फोडी असतात, आणि चमचा बुडवला तर तो सहज तळाला जात नाही. सोबत ब्राऊन ब्रेडचे दोन जाड काप आणि खारे लोणी येते. हा ब्रेड यीस्टने नव्हे तर खाण्याचा सोडा आणि ताक यांनी फुगवतात. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणाऱ्या मऊ गव्हात चिकटपणा कमी असल्याने यीस्टचा पाव त्याचा नीट होत नाही, म्हणून ही पद्धत रुजली. त्याला करकरीत कवच आणि आत ओलसर, किंचित आंबूस भुसभुशीतपणा असतो. वाडग्याच्या तळाशी उरलेले सूप त्याने पुसून खाण्यात कोणालाही गैर वाटत नाही.

हिशेब असा मांडता येईल. हॉस्टेलमधील एका खाटेला रात्रीचे ३५ ते ४५ युरो धरावेत. सुट्टीत आणि शनिवारी दर वाढतात म्हणून आरक्षण आधीच करावे आणि स्वयंपाकघर असलेलेच हॉस्टेल निवडावे. दुपारचे पबमधले जेवण जास्तीत जास्त १८ युरो आणि सकाळ-संध्याकाळचा शिधा लिडल, आल्डीसारख्या दुकानांतून १२ युरो धरावा. बससाठी सहा दिवसांचे मिळून ७० आणि कड्यांचे तिकीट व किरकोळ खर्च यांसाठी ३० युरो बाजूला ठेवले तर व्हिसाचे शुल्क सोडून ५०० युरोंच्या आसपास सहा दिवस निभतात, पण फार काही शिल्लक राहणार नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली विकत घेऊ नये. नळाचे पाणी उत्तम असते आणि पबमध्येही मागितले तर फुकट मिळते. शीतपेय घेतलेच तर २०२४ पासून बाटली किंवा कॅनवर १५ अथवा २५ सेंटची अनामत आकारतात, ती दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकून परत घ्यावी.

शेवटच्या दिवशी डब्लिनहून डार्ट या उपनगरी गाडीने अर्ध्या तासात होथला जाता येते. तिथल्या कड्यांवरून फिरणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना वसंतात गॉर्सची झुडपे पिवळीधमक फुललेली असतात आणि त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. पाऊस असेल तर राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय कलादालन आणि चेस्टर बीटी संग्रहालय यांना प्रवेशमूल्य नाही; चेस्टर बीटीमध्ये मुघल चित्रांचा सुंदर संग्रह आहे.

प्रश्न : आमचा मुलगा डब्लिनमध्ये नोकरीला असून आम्ही एप्रिलमध्ये प्रथमच त्याच्याकडे जात आहोत. तो आम्हाला पश्चिमेकडे फिरवणार आहे आणि जेवण पबमध्येच असेल असे म्हणतो. मी शाकाहारी आहे. यजमान मासे आणि मटण खातात, मात्र गोमांस आणि डुकराचे मांस खात नाहीत. आमचे कसे होईल?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : होईल, पण पदार्थाच्या नावावर विसंबून चालणार नाही. पबच्या खाद्यपत्रिकेतली नावे जुनी आहेत आणि त्यांच्यामागचा पदार्थ दर गावात थोडा बदलतो.

आधी आपल्या यजमानांविषयी. आयरिश स्ट्यू हा मुळात मेंढीच्या किंवा कोकराच्या मांसाचा, बटाटे, कांदे आणि गाजर घालून मंद आचेवर शिजवलेला रस्सा आहे आणि तो त्यांना चालेल. परंतु त्याच पत्रिकेत गिनेस या काळ्या आयरिश बिअरमध्ये शिजवलेला गिनेस स्ट्यू असेल तर तो बहुधा गोमांसाचा असतो, आणि काही ठिकाणी नुसते 'स्ट्यू' लिहून गोमांसाचाच देतात. शेफर्ड्स पाय हा नावाप्रमाणे कोकराच्या खिम्याचा असायला हवा, पण पुष्कळ पबांत तोही गोमांसाच्या खिम्याचा करतात. म्हणून प्रत्येक वेळी 'यात लँब आहे की बीफ?' असे सरळ विचारावे. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. आयर्लंडमध्ये गोमांस वाढणाऱ्या खाणावळींना ते कोणत्या देशातले आहे हे लिहावे लागते, त्यामुळे पत्रिकेच्या तळाशी तशी ओळ दिसतेच, पण ती कोणत्या पदार्थात काय आहे हे सांगत नाही. न्याहारीच्या ताटातले रॅशर्स आणि सॉसेज डुकराचे असतात आणि ब्लॅक पुडिंग हा रक्त, चरबी आणि ओट्स यांचा पदार्थ असतो. व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसले तरी मांस असते. फिश अँड चिप्स (तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी) आणि चाउडर हे त्यांच्यासाठी भरवशाचे, मात्र एखाद्या चाउडरमध्ये बेकनचे तुकडे टाकलेले असतात, एवढे विचारून घ्यावे. तळणीविषयीही विचारावे, कारण काही जुन्या चिप्सच्या दुकानांत अजूनही गाईच्या चरबीत तळतात.

आपल्यासाठी अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, अदृश्य मांसाची आहे. भाज्यांचे सूप पुष्कळदा कोंबडीच्या हाडांच्या अर्कात केलेले असते. कार्व्हरीतले बटाटे आणि भाज्या घेता येतात, पण बटाटे कशात भाजले हे विचारावे आणि ग्रेव्ही नको म्हणून आधीच सांगावे, नाहीतर वाढणारा सवयीने ती सगळ्या ताटावर ओततो. चिप्स माशांच्याच तेलात तळल्या जातात का, हेही विचारावे. कायद्याने प्रत्येक खाणावळीला चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती लिखित स्वरूपात द्यावी लागते, म्हणून पदार्थापुढे आकडे असतात. मासे, अंडी आणि दूध यांचे आकडे ओळखता आले की आपले निम्मे काम होते. मांसाचा मात्र आकडा नसतो.

आपल्याला रुचतील असे पदार्थही आहेत. कोलकॅनन म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी, लोणी आणि दूध घालून केलेला पदार्थ, आणि त्याच्या मधोमध वितळणाऱ्या लोण्याचे तळे असते. बॉक्स्टी हे किसलेल्या कच्च्या बटाट्याचे आणि उकडलेल्या बटाट्याचे मिळून केलेले धिरडे. भाज्यांच्या सारणाचे मिळाले तर सोडू नये. टोस्टेड स्पेशल या सँडविचमध्ये हॅम, चीज, कांदा आणि टोमॅटो असतो. 'हॅम वगळून' असे म्हटले की ते आपले झाले. गोडात ॲपल टार्ट आणि कस्टर्ड किंवा साय सगळीकडे मिळते. हल्ली बहुतेक पबांत एक-दोन शाकाहारी पदार्थ छापलेले असतात, पण खेड्यातल्या पबात त्यातला एक हमखास भाज्यांची करी असतो, आणि ती खाऊन आपल्याला नाशिकची आठवण येईल असे मी म्हणणार नाही.

मुलासाठी आपण डबे भरून नेणारच, म्हणून एक सूचना. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. घरचे तूप आणि पेढ्यांचा डबा विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो. मेतकूट, चटण्या, चिवडा आणि भाजणी खुशाल न्यावी.

प्रश्न : आम्ही चौघे, त्यात ९ आणि १३ वर्षांची दोन मुले. भाड्याने मोटार घ्यावी का? आणि मुलांना पबमध्ये नेता येते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चौघांसाठी मोटार बहुधा परवडते, कारण बसची चार तिकिटे आणि वाया जाणारा वेळ यांच्या तुलनेत भाडे फार वाटत नाही. वाहतूक डाव्या बाजूने आहे आणि भारतीय परवान्यावर पर्यटकाला गाडी चालवता येते. भाड्याने देणाऱ्या कंपन्या मात्र बहुधा आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, म्हणून तो पुण्यातच काढून घ्यावा. भाड्याच्या आकड्यापेक्षा विम्याच्या अटी आधी वाचाव्यात. अपघात झाल्यास आपल्या खिशातून जाणारी रक्कम मोठी असते आणि ती चालकाच्या नावावरच्या क्रेडिट कार्डावर रोखून ठेवतात. ऑटोमॅटिक गाडी महाग पडते. डब्लिनभोवतीच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, तरी टोल असतो आणि तो दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत भरावा लागतो. न भरल्यास दंड होतो.

रस्ते अरुंद असतात आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे किंवा उंच झुडपे असतात. फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर केली आहे, आणि वळणांवर तीही जास्त वाटते. त्यामुळे नकाशावरचे अंतर पाहून दिवसाचा बेत आखू नये. पश्चिम किनाऱ्याचा वाइल्ड अटलांटिक वे नावाचा मार्ग सुमारे २५०० किलोमीटरचा आहे. तो आठवड्यात संपवू पाहणाऱ्यांना फक्त रस्ताच आठवतो. मुलांबरोबर किलार्नी आणि डिंगल हे दोनच मुक्काम ठेवावेत. किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानात तळी, टॉर्क धबधबा आणि हरणांचे कळप आहेत आणि उद्यानाला तिकीट नाही. डिंगलहून स्ली हेडच्या किनारी रस्त्याचा फेरा साधारण ४७ किलोमीटरचा आहे. तो घड्याळाच्या दिशेने करावा, कारण मोठ्या बसगाड्या त्याच दिशेने जातात आणि अरुंद जागी समोरासमोर गाठ पडत नाही.

मुलांना पबमध्ये नेता येते. लहान मुले पालकांसोबत रात्री नऊपर्यंत थांबू शकतात. मे ते सप्टेंबर या काळात ही मर्यादा दहापर्यंत असते. दुपारी पबमध्ये कुटुंबेच अधिक दिसतात आणि मुलांसाठी लहान ताटेही मिळतात. २९ मार्च २००४ पासून पबमध्ये धूम्रपानाला बंदी आहे. देशभर अशी बंदी आणणारा आयर्लंड हा पहिला देश होता. त्यामुळे आत धूर नसतो.

प्रश्न : सुट्टी मार्चच्या मध्यात मिळत आहे. सेंट पॅट्रिक दिनाला डब्लिनमध्ये असावे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बेताच्या खर्चात जायचे असेल तर नसावे. १७ मार्चच्या आसपास डब्लिनमधील खोल्यांचे दर भरमसाट वाढतात आणि टेंपल बार भागात उभे राहायला जागा मिळत नाही. एरवीही तिथला बिअरचा ग्लास शहरातल्या इतर भागांपेक्षा महाग असतो. मिरवणूक पाहायचीच असेल तर लहान गावातली पाहावी. तिथे ट्रॅक्टर, शाळेतली मुले आणि गावचे बँडपथक असते आणि नंतर सारा गाव पबमध्ये जेवायला येतो. कॉर्न्ड बीफ आणि कोबी ही त्या दिवसाची जोडी अमेरिकेतल्या आयरिश लोकांची आहे. आयर्लंडमध्ये बेकन आणि कोबी खातात.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून मद्य घेत नाही. पबमधले आयरिश संगीत ऐकण्याची मात्र फार इच्छा आहे. काही न पिता तिथे बसणे संकोचाचे होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संकोचाचे कारण नाही. पबमध्ये चहा मिळतो, तोही किटलीतून. संत्रे आणि लिंबू यांचे रॉक शँडी नावाचे पेय आहे, त्यात नावाशिवाय मद्याचा संबंध नाही. गिनेसचाही ०.० हा मद्यरहित प्रकार मिळतो. काहीही न घेता तासन्‌तास जागा अडवणे तेवढे टाळावे. पेय काउंटरवर जाऊन मागायचे आणि तिथेच पैसे द्यायचे; पेयावर बक्षिशी द्यावी लागत नाही, टेबलावर जेवण वाढले असेल तर दहा टक्के देण्याची रीत आहे. एखाद्या गटात बसलात आणि कोणी आपल्यासाठी पेय आणले, तर पुढच्या खेपेला सर्वांसाठी आणण्याची पाळी आपली असते. हा भार नको असेल तर सुरुवातीलाच नम्रपणे सांगून आपले पेय आपण घ्यावे.

संगीताची बैठक साधारण रात्री नऊ-साडेनऊला सुरू होते. गॉलवेतल्या काही पबांत संध्याकाळीही असते. तिकीट नसते. वादक एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात, बहुधा श्रोत्यांकडे पाठ करून, कारण ते एकमेकांसाठी वाजवत असतात आणि आपण ते ऐकतो एवढेच. फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना आणि बोरॉन नावाची चामड्याची डफली असते. एक धून दोन-तीन वेळा वाजली की कोणी तरी नजरेने खूण करतो आणि न थांबता दुसरी सुरू होते. त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर बसू नये. ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते. मधेच कोणी साथीशिवाय गाऊ लागला तर सारा पब गप्प होतो. त्या वेळी ग्लासचाही आवाज करू नये. डूलिनमध्ये १८३२ पासूनचा गस ओकॉनर्स पब या संगीतासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे गर्दी असते. त्याच गावातल्या इतर पबांतही बैठका होतात.

बोलायला विषय हवा असेल तर तोही आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांकडून नाते असलेले लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांच्या आडनावाचा कोकणी उच्चार करून दाखवला की शेजारचा माणूस गप्पांना सुरुवात करतो, मात्र त्यांच्या राजकारणावरचे त्याचे मतही मग ऐकून घ्यावे लागते.

गुड फ्रायडेला सगळे पब बंद असतात, असे आपण पत्रात लिहिले आहे. तो कायदा २०१८ साली रद्द झाला. त्या दिवशी आता बहुतेक पब उघडे असतात.

प्रश्न : आम्ही मुंबईहून थेट आयर्लंडला जाणार आहोत. त्याच प्रवासात जायंट्स कॉजवे पाहता येईल का? सीमेवर तपासणी नसते असे ऐकले आहे.
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : सीमेवर चौकी नसते हे खरे आहे, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्या बदलल्या आणि फलकांवर किलोमीटरऐवजी मैल आले की सीमा ओलांडली असे समजायचे. परंतु जायंट्स कॉजवे हा दगडी खांबांचा किनारा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे, आणि तपासणी नसली तरी तिथे जाण्याची परवानगी हवीच. भारतातून घेतलेल्या आयर्लंडच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या संयुक्त योजनेचा शेरा असेल, तर आधी आयर्लंडमध्ये उतरून मग उत्तरेकडे जाता येते. व्हिसा हाती येताच तो शेरा आहे ना, हे पाहावे. नसल्यास ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागेल.

तिथले सुमारे ४०,००० बेसाल्टचे खांब साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून तयार झाले. आपण अंधेरीत राहता, तेव्हा गिल्बर्ट हिल पाहिलीच असेल. तीही लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या खांबांचीच आहे आणि वयाने थोडी मोठी आहे. फरक इतकाच की कॉजवेवर आपण त्या खांबांच्या डोक्यावरून चालत समुद्रापर्यंत जातो. खांबांपर्यंत पायी जाण्यास तिकीट नाही. तिकीट आहे ते माहिती केंद्राचे आणि वाहनतळाचे, म्हणून खर्च आवरायचा असेल तर सार्वजनिक बसने जावे आणि केंद्र वगळावे. तिथे पौंड चालतो. युरो काही दुकानांत घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा असतो, तेव्हा कार्डानेच पैसे द्यावेत.